मुहूर्तचोराचा तिसरा अंक

"म्हणजे त्या माणसांकडं घड्याळच नव्हतं?" परसूनं विचारलं.

"नव्हतं."

"मग शेजारच्या घरात जाऊन बघायचं की."

"शेजारी पण नव्हतं!" मथुरा ओरडली. "मघापासून सांगतेय ना, जुनी गोष्ट आहे म्हणून? कुणाकडंच नव्हतं! म्हणून तर ही वाटी!"

चामराजपेठेतल्या मराठी मंडळाच्या हॉलात रविवारी सकाळी वीसेक पोरं गोल करून बसली होती. मधे पाण्यानं भरलेली बादली, त्यात तांब्याची वाटी. वाटीला बुडाशी खिळ्यानं पाडलेलं भोक. ते मथुरानं आदल्या संध्याकाळी आईला न विचारता पाडलं होतं आणि त्याबद्दल घरी अजून बोलणी खायची होती. वाटी पाण्यावर ठेवली की खालून हळूहळू भरते, भरली की बुडते, बुडली की एक घटका झाली. लग्नाचा मुहूर्त असाच मोजायचे. याला म्हणतात घटिकापात्र. इतकं साधं! पण वाटी बुडायची वाट बघायला कुणाला दम होता? एकानं वर खडू टाकला, एकानं फुंकर मारली. आता अर्धी बादली परसूच्या सदऱ्यावर होती आणि घटका काही भरली नव्हती.

"बरं, घटिकापात्र राहू दे," मथुरा दातओठ खात म्हणाली. "गोष्ट ऐका. एक असतो मामा. महाकंजूष. त्याची भाची सुलोचना. मामा तिचं लग्न एका म्हाताऱ्या जोशीबुवाशी ठरवतो. का? तर जोशीबुवा हुंडा मागत नाहीत आणि मुहूर्त फुकटात काढून देतात. पण सुलोचनाचं मन असतं माधवावर. माधव आचाऱ्याचं सोंग घेऊन घरात शिरतो. आणि हिरी नावाची मोलकरीण लग्नाच्या दिवशी घटिकापात्रच लपवून ठेवते. घटिकापात्र नाही तर मुहूर्त नाही, मुहूर्त नाही तर लग्न नाही. कळलं?"

"स्वल्प स्वल्प," कुणीतरी म्हणालं.

"मामा येतोय म्हणून माधव आणि सुलोचना पळत कोठीघरात लपतात. जोशीबुवा आधीच तिथं, चोरून लाडू खायला पिठाच्या पिंपात उतरलेले. मामाला काहीच ठाऊक नाही. तो आपलं तूप कुणी चोरू नये म्हणून कोठीघराला बाहेरून कुलूप घालतो. तिघंही आत!"

आता मात्र पोरं गप्प झाली. मथुराच्या लक्षात आलं, रविवारमागून रविवार घसा फोडल्यावर आज पहिल्यांदाच सगळ्यांचे डोळे तिच्याकडं आहेत.

"मग?" शालन म्हणाली. शालन सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, प्रश्न मात्र सगळे जागच्या जागी.

"मग माधव आत एक सुंदर गाणं म्हणतो."

"मग?"

"मग... लग्न होतं."

"दार कोण उघडतं?"

मथुरानं वाटी बादलीतून उचलली. तिला ठाऊक नव्हतं. आईच्या मांडीवर होती तेव्हापासून दर गणपतीत ती 'संगीत मुहूर्तचोर' बघत आली होती. पहिल्या दोन अंकांतलं कोण कधी कुठल्या विंगेतून येतं हे ती डोळे मिटून सांगू शकली असती. आणि दार कोण उघडतं हे तिला ठाऊक नव्हतं.

"मथुराक्काला येतच नाही गोष्ट," परसू शेजारच्याला कन्नडमधून म्हणाला.

"मला कन्नड कळतं रे, माकडा!" मथुरानं ओली वाटी त्याच्या दिशेनं भिरकावली.

"अक्का," शालननं तिचा परकर ओढला आणि रंगमंचाकडं बोट केलं. तालमीसाठी तिथं नाटकातलं सामान मांडलं होतं. "त्या देवानं टोपी का घातलीय?"

"टोपी नाही ती, छत्र आहे. आणि तू घरी जा. सगळे घरी जा!"

या कामात ती स्वतःहून पडलीच नव्हती. मागच्या गणपतीत पोरांनी नाटक चालू असताना कागदी पिशव्या फोडल्या होत्या, खुर्च्यांखाली गोट्या खेळल्या होत्या, आणि तबलजीची शाल पेटीच्या पायाला बांधून ठेवली होती. मंडळाचे अध्यक्ष भगवंतराव सभेत उभे राहून म्हणाले, "पोरांना हे मराठी कळतच नाही. शाळेत इंग्लिश, गल्लीत कन्नड, घरात आपलं असलं तसलं. कशाला उगाच जुलूम? पुढच्या वर्षापासून गणपतीत पडदा लावून सिनेमा दाखवू." तेव्हा मथुराचे वडील हंबीरराव हात जोडून म्हणाले, "एक वर्ष द्या. आमची मथुरा पोरांना नाटक समजावून सांगेल." भगवंतराव म्हणाले, "सरी, चालेल. एक वर्ष. पोरं शेवटपर्यंत बसली तर नाटक राहील. नाहीतर सिनेमा."

आमची मथुरा! सोळा वर्षांची आमची मथुरा शाळेत हेडबाईंच्या टेबलावर शाईची दौत उपडी करून घरी आली त्याला वर्ष होऊन गेलं होतं. ती परत गेली नव्हती. "नाहीतरी रिकामीच आहे," असं घरात सगळेच म्हणायचे, आणि सभेत ते न बोलता सगळ्यांना ऐकू गेलं.

तरी तिनं नाही म्हटलं नाही. कारण तिला दिसायचं. चिकपेठेतल्या दुकानात हंबीरराव दिवसभर गजानं कापड मोजायचे, संध्याकाळी घरी येऊन गुपचूप जेवायचे. दहा महिने हा माणूस घरात असून नसल्यासारखा. श्रावण लागला की पेटी उघडायची, मान वर व्हायची, आंघोळीच्या पाण्याला उशीर झाला तरी कुणावर चिडायचे नाहीत. पन्नाशीचा, पोट सुटलेला हा माणूस दरवर्षी एक संध्याकाळ माधव व्हायचा. ती संध्याकाळ गेली तर उरलेले दहा महिने बाराच होणार होते.

त्या दुपारी तिनं जेवताना विचारलं, "अण्णा, दार कोण उघडतं?"

"कुठलं दार?"

"कोठीघराचं. तिसऱ्या अंकात."

हंबीरराव घास हातात धरून विचारात पडले. "उघडतं कुणीतरी."

"कोण?"

"अगं, लग्न लागतं शेवटी. दार उघडल्याशिवाय लागेल का?"

"तुम्ही त्याच कोठीत बसलेले असता ना अण्णा! इतकी वर्षं! तुम्हाला कुणी बाहेर काढलं ते तुम्हाला माहीत नाही?"

आई, राजलक्ष्मीबाई, पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हंबीररावांना हसू आलं नाही. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलंच नाही. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ते कोठीतलं पद म्हणायचे, 'कुणी लाविली कडी, सजणी', आणि वन्स मोअर यायचा. मग आणखी एक. मग आणखी. आठाला आरती. आरतीची वेळ मंडळाच्या स्थापनेपासून हललेली नव्हती. मग सूत्रधार घाईघाईनं येऊन दोन ओळींत लग्न लावून टाकायचा आणि सगळे टाळ्या वाजवत आरतीला उठायचे. तिसऱ्या अंकाची कुणाला आठवणही नव्हती. नटांना प्रत्येकाची फक्त आपापली वाक्यं उतरवून मिळायची, त्यामुळं अख्खं नाटक तसं कुणालाच येत नव्हतं. आणि जो अंक होतच नाही त्याची वाक्यं उतरवून कोण घेणार?

"यल्लाप्पाला विचार," हंबीरराव हात धुताना म्हणाले. "आमच्या आधी हिरी तो करायचा. देवनहळ्ळीला असतो आता. असला तर."

यल्लाप्पा होता. देवनहळ्ळीच्या किल्ल्यामागं पपनसाच्या बागेत, पांढऱ्या झुपकेदार मिशा, कमरेला पंचा, हातात विळा. मूळचा बेळगावकडचा. बसमधून धूळ खात आलेल्या मथुराकडं त्यानं डोळे बारीक करून बघितलं.

"कुणाची गं तू?"

"हंबीररावांची. मुहूर्तचोरातला माधव."

"तो गाणारा? अजून गातोय?"

"गातात."

"अजून दुसऱ्याच अंकात हाय काय तो?"

मथुराला हसायचं नव्हतं, पण ती हसली. पंधरवड्यात पहिल्यांदा.

"तिसरा अंक पाहिजे मला," ती म्हणाली. "दार कोण उघडतं?"

"मी उघडतो की! म्हंजे हिरी."

"कशी?"

"आता कसं म्हंजे... असं आठवत न्हाई बघ. मला कुणीतरी आधीचं वाक्य द्याया पायजे. तू मामा हो. म्हण, 'हिरे, माझं घटिकापात्र कुठाय?'"

"हिरे, माझं घटिकापात्र कुठाय?"

"आसं न्हवं! मामा हाय तू. कंजूष हाय. बाहेर वऱ्हाड बसलंय, भटजी ओरडाय लागलाय. चिडून म्हण!"

चिडून म्हणणं मथुराला जड नव्हतं. तिनं असं म्हटलं की झाडावरचे कावळे उडाले. आणि यल्लाप्पानं विळा खाली ठेवला, पंच्याचं टोक डोक्यावरून घेतलं, एक हात कमरेवर, मान वाकडी. मिशा तशाच. पण मथुराच्या समोर मोलकरीण उभी होती.

"सांगते की धनी. पण आधी कोठीची किल्ली द्या. वऱ्हाडाला भात नको?" मग आपल्या आवाजात, "हितं मामा किल्ली देत न्हाई. जानव्याला बांधलेली असती. सोडतो, बांधतो, सोडतो, बांधतो. जीव जातो त्याचा. शेवटी देतो. आता पुन्हा विचार."

"घटिकापात्र कुठाय?"

"देवाच्या डोक्यावर, धनी!" यल्लाप्पा झटक्यात वळला, हवेतलं कुलूप काढलं, हवेतलं दार ढकललं. "माधव-सुलोचना भाईर. जोशी भाईर, पिठानं पांढराफटक. भटजीनं घटिकापात्र पाण्यात सोडलं, मुहूर्त आला, आन् समोर माळा घिऊन उभं कोण? हीच दोघं. झालं! लागलं लगीन!"

"पण यात हसण्यासारखं काय आहे?"

"अगं, 'देवाच्या डोक्यावर' म्हटलं की माणसं खुर्चीवरनं पडायची. बायका पोरास्नी खाली ठिऊन हसायच्या."

"का पण?"

"ते मला काय ठावं? माझं तोंड दाराकडं असायचं."

येताना त्यानं तिच्या ओटीत एक मोठं पपनस घातलं. बस यलहंका ओलांडत होती तेव्हा मथुरा ते पपनस मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत बसली होती. देवाच्या डोक्यावर. देवाच्या डोक्यावर काय असतं? आणि एकाएकी तिला मंडळाचा रंगमंच दिसला. डाव्या कोपऱ्यात लाकडी देव्हारा, त्यात गणपती, आणि गणपतीच्या डोक्यावर पालथी घातलेली तांब्याची वाटी. दरवर्षी तालमीला सामान मांडताना आणि पुन्हा पडदा उघडायच्या आधी भगवंतराव सोवळं नेसून स्वतःच्या हातानं ती ठेवायचे आणि दोन पावलं मागं येऊन नमस्कार करायचे. ते छत्र. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्यांच्या आधीच्या अध्यक्षांनी त्यांना तसं सांगितलं होतं, आणि त्यांना त्यांच्या आधीच्यांनी.

घटिकापात्र पहिल्या अंकापासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं!

मथुरा बसमध्ये एकटीच इतक्या मोठ्यानं हसली की शेजारची बाई आपली कोंबड्यांची टोपली उचलून पुढच्या बाकावर गेली. मग हसू थांबलं आणि राग आला. एवढी माणसं! वकील आहेत, मास्तर आहेत, पोस्टातले मोठे साहेब आहेत! दरवर्षी समोर बसतात, दरवर्षी तो देव बघतात, आणि विचारलं कुणी? शालननं. दात पडलेल्या शालननं. आणि आपण तिला काय म्हटलं? घरी जा.

घरी येऊन तिनं वडिलांना सगळं सांगितलं. हंबीररावांनी पपनस हातात घेऊन फिरवलं. "म्हणजे ते छत्र नाही?"

"नाही! आणि भगवंतरावांना एवढ्यात सांगायचं नाही. सांगितलं तर मान जाईल म्हणून ते वाटीच काढून ठेवतील. अण्णा, ऐका. तिसरा अंक करायचा. छोटासा. मामाचं काम देवाप्पामामा करतात, हिरी कल्लाप्पा. दोघांना मी वाक्यं पाठ करून घेते. पण वेळ पाहिजे. तुम्ही वन्स मोअर घ्यायचे नाहीत."

हंबीररावांनी तिच्याकडं असं बघितलं की जणू तिनं त्यांना पंगतीतून उठायला सांगितलं.

"वन्स मोअर नाकारायचा नसतो, मथुरा. गाणारा नाकारत नाही. समोरचा माणूस आणखी वाढा म्हणतो, आणि आपण पातेलं झाकायचं?"

"पोरं आणखी वाढा म्हणत नाहीत. पोरं उठून जातात! आणि पोरं उठली की पुढच्या वर्षी गाणंच नाही. पहिलाही नाही आणि वन्स मोअरही नाही."

"तुला गाण्यातलं काय कळतं?"

"मला घड्याळातलं कळतं!"

राजलक्ष्मीबाईंनी मधे पडून दोघांपुढं पपनसाच्या फोडी ठेवल्या. कुणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानाला निघताना, चपला घालता घालता, हंबीरराव भिंतीकडं बघत म्हणाले, "सरी. तीन. तीन झाले की मी कोठीत जाऊन बसतो."

पोरांना मथुरानं शेवट सांगितला नाही. शालन चिकटली, रडली, चिमटा काढून बघितला. "नाटकात बघ," मथुरा म्हणाली. "यावर्षी दार उघडणार. नाही उघडलं तर मला मथुराक्का म्हणू नकोस."

नाटकाच्या दिवशी तिनं पडद्याच्या दोरीजवळची जागा मागून घेतली. तिथून रंगमंच दिसायचा आणि फटीतून पुढची पोरंही. भगवंतरावांनी सोवळ्यानं वाटी देवाच्या डोक्यावर ठेवली, नमस्कार केला. मथुरानं ओठ चावला.

पोरं पुढं अंथरलेल्या जमखान्यावर बसली होती आणि, ज्यांनी मागचं वर्ष बघितलं होतं त्यांना आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना, बसूनच राहिली. हंबीरराव आचाऱ्याच्या वेषात आले तेव्हा एक पोरगा म्हणाला, "हा नवरदेव? हा तर आजोबा आहे." परसूनं त्याला कोपरानं ढोसलं, "गप रे, जोशी बघ, आत्ता पिंपात उतरणार." जोशीबुवा उतरले आणि पोरं लोळली. परसू मागच्या दोघांना कन्नडमधून मुहूर्त म्हणजे काय ते समजावत होता, बादलीसकट. मथुरानं दोरीजवळ मूठ आवळली. बसलीत. माझी पोरं बसलीत.

मग मामानं कुलूप घातलं. कोठीच्या भिंतीच्या अलीकडं, म्हणजे प्रेक्षकांच्या बाजूला, गाण्यापुरते माधव आणि सुलोचना दिसत होते. पेटीनं सूर धरला आणि हंबीररावांनी पद सुरू केलं.

कुणी लाविली कडी, सजणी, कुणी लाविली कडी. चांगलं झालं ते. मथुराला गाण्यातलं कळत नसेल, पण हे चांगलं झालं हे कळत होतं. खुर्च्यांतून आवाज आला, वन्स मोअर! झाला. दुसरा आला, तोही झाला. तिसरा झाला. मथुरानं विंगेत कल्लाप्पाला खूण केली, तो पदर खोचून तयार झाला.

"वन्स मोअर!" खुर्चीतून भगवंतरावच ओरडले.

हंबीररावांनी विंगेकडं बघितलं नाही. डोळे मिटले आणि पुन्हा सुरू केलं.

"अण्णा," मथुरा फटीतून कुजबुजली. "अण्णा, तीन झाले."

पाचवा. आता ते तानांमागून ताना घेत होते, गळ्यावरून घामाचे ओघळ, चेहरा असा की आयुष्यात कधी कापड मोजलं नसेल. खुर्च्यांतली माणसं माना डोलवत होती. जमखान्यावर चुळबूळ सुरू झाली. एकानं खिशातून कागदी पिशवी काढली आणि फुगवायला लागला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पावणेआठ गाठत होता.

शालन वाकून वाकून विंगेत आली. "मथुराक्का, दार कधी उघडणार?"

"आत्ता."

"मघाशी पण आत्ता म्हणालीस."

"जा, जागेवर बस!"

"तू खोटारडी आहेस," शालन म्हणाली, अगदी शांतपणे, आणि गेली.

"वन्स मोअर!"

हंबीररावांनी सहावाही घेतला, कडीवर सूर लावला. पिशवी फाटकन फुटली. परसू उठून उभा राहिला, चड्डी झाडली, दाराकडं बघितलं. मथुराच्या कानशिलात काहीतरी तडतडलं, तेच, दौत उपडी करताना तडतडलं होतं ते. तिनं दोरी सोडली.

पडदा दाणकन खाली आला. तान मधेच तुटली.

पडद्यामागं पेटीवाल्याचे हात वरच राहिले. मंडळाच्या इतिहासात गाणाऱ्यावर पडदा पडला नव्हता, आणि पाडला कुणी, तर पोटच्या पोरीनं. हंबीरराव तिच्याकडं वळले. तोंड अजून उघडं होतं.

"काय केलंस?"

आवाज इतका हळू होता की मथुराला वाटलं, मारतील तर बरं. "तीन म्हणाला होता," ती म्हणाली. "तीन म्हणाला होता तुम्ही."

बाहेर खुर्च्या करकरल्या. "कुणी पाडला?" भगवंतराव ओरडत होते. "कुणी पाडला पडदा?" आणि त्यांच्या आवाजावरून, जमखान्याकडून, एक बारीक आवाज आला. दात नसलेला.

"दार उघडा!"

मग दुसरा. मग पाय आपटायला लागले. "दार! दार! दार!"

देवाप्पामामा जानव्याची किल्ली चाचपत उभे होते. कल्लाप्पानं पदर सावरत विचारलं, "अण्णा, काय करायचं?"

हंबीरराव ते पाय ऐकत होते. धोतराच्या सोग्यानं त्यांनी तोंड पुसलं, गळा पुसला. मग सुलोचनाला घेऊन कोठीच्या रंगवलेल्या भिंतीमागं गेले, पाटावर बसले आणि दार आतून ओढून घेतलं.

"लाव कडी," आतून आवाज आला.

मथुरानं कडी लावली आणि पळत जाऊन दोरी ओढली.

तिसरा अंक काही धड झाला नाही. देवाप्पामामांनी एकच वाक्य दोनदा म्हटलं. जानव्याची गाठ खरोखरच सुटेना तेव्हा पोरंच ओरडून सांगायला लागली, दातानं सोडवा, दातानं! कल्लाप्पा हात पुढं करून उभा, "आधी किल्ली, धनी." किल्ली सुटली. देवाप्पामामा कपाळाला हात लावून ओरडले, "आता सांग, हिरे! माझं घटिकापात्र कुठाय?"

"देवाच्या डोक्यावर, धनी!"

क्षणभर काहीच झालं नाही. मग शालननं किंकाळी फोडली, "टोपी!" पोरांच्या माना देव्हाऱ्याकडं वळल्या, मग खुर्च्यांतल्या. ते हसू जमखान्यावरून सुरू झालं आणि खुर्च्यांच्या रांगांमधून मागं मागं गेलं, बायकांच्या बाजूला पोचलं, तिथून भिंतीला लागून परत आलं. भगवंतराव, ज्यांनी त्याच संध्याकाळी त्या वाटीला नमस्कार केला होता, खुर्चीतून अर्धे उठले, वाटीकडं बघितलं, खाली बसले, आणि असे गदगदायला लागले की त्यांचा चष्मा मांडीत पडला. मागं कोठीचं दार उघडत होतं, पिठानं माखलेले जोशीबुवा बाहेर येत होते. हंबीरराव सुलोचनाचा हात धरून, डोळे मिचकावत, ज्या दारातून ते इतक्या वर्षांत कधी बाहेर पडले नव्हते त्या दारातून बाहेर पडले.

त्यादिवशी आरतीला उशीर झाला.

प्रसाद वाटताना भगवंतराव मथुराजवळ थांबले. अजून मधेच हसू फुटत होतं. "सिनेमाचं काय घाई नाही," ते म्हणाले. "नाटक असू दे. पण पडद्याजवळ तू नको गं बाई."

एवढं झालं तरी घरात आनंद वगैरे काही नाही. हंबीरराव तिच्याशी बोलेनात. ताट वाढलं तर खायचे, पाणी दिलं तर प्यायचे. शेवटी पुढच्या रविवारी तीच भडकली.

"नाटक राहिलं ना? राहिलं की नाही? मग तोंड कशाला फिरवता?"

हंबीरराव ओसरीवर पेटीची धूळ पुसत होते. पेटी खोळीत घालायची वेळ आली होती. "नाटक राहिलं," ते म्हणाले. "लोक घरी गेले ते वाटीचं बोलत गेले. गाण्याचं कोण बोललं? एकानं तरी?"

कुणीच बोललं नव्हतं. मथुराला खोटं बोलता आलं असतं, पण अण्णांशी गाण्याबद्दल खोटं बोलायला तोंड वळेना. ती पाय आपटत स्वयंपाकघरात गेली आणि भाताची पळी दाणकन ठेवली.

बाहेर गल्लीत पोरं खेळत होती. पायरीवर परसू जोशीबुवा झाला होता, अंगाला रांगोळी फासून. आईची ती भोक पडलेली वाटी कुणाच्या तरी डोक्यावर होती. आणि शालन बंद फाटकाला टेकून, कोठीत बसल्यासारखी, गात होती. "कुणी लाविली कडी, सजणी..." तिथं अडली. पुन्हा पहिल्यापासून. सूर इतका वाकडा की मथुराचेही दात शिवशिवले.

"मथुराक्का!" ती ओरडली. "पुढचं काय?"

"मला नाही येत!" मथुरा आतून ओरडली. "मी खोटारडी आहे ना? मला नको विचारू!"

शालननं पुन्हा सुरू केलं, आधीपेक्षा वाकडं. ओसरीवर खोळीचा आवाज थांबला. मथुरानं दाराच्या फटीतून बघितलं. हंबीरराव मान खाली घालून बसले होते, खोळीचं टोक मुठीत आवळून.

"कडीवर नको गं थांबूस एवढं!" ते शेवटी खेकसले. "कडी लावायची आणि पुढं जायचं. 'आत उतरली सांज, बाहेर दुपार खडी.' म्हण."

शालननं म्हटलं.

"चूक. परत."

तिनं परत म्हटलं. परसूही फाटकाशी आला, मागून बाकीची. हंबीररावांनी पेटी पुन्हा पुढं ओढली.

"परत."

"अण्णा, भात निवतोय!" मथुरानं हाक मारली. कुणी ऐकलं नाही. ती थोडा वेळ पळी हातात धरून उभी राहिली, मग चिडून भातावर झाकण ठेवलं.

"परत," बाहेरून आवाज आला.